पाथरी, म्हातारा आणि रानटी लेट्यूस : ओळखावे कसे, काढावे कसे, ठेवावे कुठे

पावसाळा ओसरून थंडीची चाहूल लागली की नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांच्या बोदांवर (वेलींच्या ओळीतील मातीच्या उंचवट्यांवर), कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला, गव्हाच्या रानात आणि शहरातील बंगल्यांच्या परसात पिवळ्या फुलांची, पान मोडले की पांढरा चीक येणारी काही तणे दिसू लागतात. पाथरी, म्हातारा आणि क्वचित रानटी लेट्यूस अशी ही एकाच घराण्यातील मंडळी आहे. सॅलडमध्ये वापरले जाणारे लेट्यूसही याच घराण्यातले, म्हणजे सूर्यफूल कुळातील चिकोरी गटातले आहे. या गटातील वनस्पतींच्या शरीरात दुधासारखा चीक वाहतो, फुलांची रचना ठरावीक असते आणि चव कमीअधिक कडू असते.

या तणांकडे दोन टोकांनी पाहिले जाते. काही जण दिसेल ते रोप तणनाशकाने जाळून टाकतात, तर काही जण ‘रानभाजी’ हा शब्द ऐकताच कोणतेही दुधाळ पान खुडून टोपलीत टाकतात. दोन्ही सवयी घातक आहेत. रोप नेमके कोणते हे ठरवूनच ते काढावे की ठेवावे याचा निर्णय घेतला पाहिजे. या वनस्पतींची एक सोय अशी, की ज्या कोवळ्या अवस्थेत त्या खुरप्याला सहज येतात, त्याच अवस्थेत त्या भाजीसाठीही उत्तम असतात. दांडा उंच होऊन कळ्या धरल्या की पाने कडू आणि चिवट होतात आणि शेतातील त्रासही वाढतो. त्यामुळे वेळ साधली तर निंदणी आणि भाजी ही दोन कामे एकाच फेरीत होतात.

पान मोडण्यापासून सुरुवात

ओळखीची पहिली पायरी चिकाची आहे. रोपाचे एक पान मधल्या शिरेवर आडवे मोडावे आणि मोडलेल्या जागी काय येते ते निरखून पाहावे. पाथरी, म्हातारा आणि रानटी लेट्यूस या तिन्हींत शिरेच्या तोंडाशी पांढरा थेंब लगेच जमतो. तो बोटाला लागला तर चिकट वाटतो आणि वाळला की त्याचा तपकिरी डाग राहतो. थेंब पिवळा आला तर ते रोप या गटातले नाही आणि ते खाण्याचा विचारही करू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे. चीक आलाच नाही तर ते एकदांडी, गाजर गवत किंवा असेच दुसरे काही असू शकते.

केवळ पांढरा चीक एवढी खूण मात्र पुरेशी नाही. रुईला पांढरा चीक असतो, शेराला असतो आणि शेतात सर्वत्र दिसणाऱ्या नायटीलाही असतो. या तिन्हींचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक आहे. त्यांना वेगळे करणे सोपे आहे. रुईची पाने जाड, पांढुरकी आणि समोरासमोर असतात, शेराच्या फांद्या हिरव्या काड्यांसारख्या असतात, तर नायटीची लहान पाने लालसर, केसाळ खोडावर समोरासमोर येतात. पाथरी आणि म्हातारा यांची पाने समोरासमोर कधीच नसतात. ती आधी जमिनीलगत गोल चक्रात येतात आणि नंतर दांड्यावर एकाआड एक लागतात.

दुसरी खूण फुलाची. सूर्यफुलात किंवा एकदांडीच्या फुलात मधोमध बारीक फुलांची गोल चकती असते आणि कडेने पाकळ्या असतात. आपल्या या तणांमध्ये मधली चकती नसते. दिसणारी प्रत्येक पिवळी पट्टी हेच एक स्वतंत्र फूल असते आणि तिच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. साधे भिंग जवळ असेल तर ते स्पष्ट दिसतात. सकाळी ऊन पडल्यावर ही फुले उघडतात आणि ऊन चढले की मिटू लागतात. म्हणून ओळख पटवण्यासाठी शेतात सकाळी जावे. दुपारनंतर गेल्यास मिटलेल्या फुलावरून बोध होत नाही.

आता एकेका रोपाकडे वळू. पाथरी, जिचे शास्त्रीय नाव लॉनिया प्रोकम्बेन्स आहे, ती जमिनीला चिकटून राहते. लांबट पानांचे चक्र मातीवर अगदी पसरलेले असते, पानांच्या कडा आत खोलवर कातरलेल्या असतात आणि पानाच्या टोकाकडचा भाग रुंद असतो. तिची सर्वांत खात्रीची खूण पानाच्या कडेवर असते. कडेवरून बोटाचे टोक हलकेच फिरवले की बारीक दाते जाणवतात, आणि पान उजेडासमोर धरले की त्या दात्यांची टोके पांढरी, कठीण दिसतात. हे दाते टोचत नाहीत. फुलांचे दांडे बारीक असतात आणि त्यांवर पाने जवळजवळ नसतात. पाथरी बहुवर्षायू आहे, म्हणजे तिचे मूळ जमिनीत टिकून राहते आणि तिथून ती पुन्हा फुटते. बंदोबस्ताच्या दृष्टीने हीच तिची मुख्य गोष्ट आहे.

म्हातारा, म्हणजे सॉन्कस ओलेरेसियस, ही उभी वाढणारी, एका हंगामात आयुष्य संपवणारी वनस्पती आहे. तिचा दांडा पोकळ असतो. आडवा कापला तर नळी दिसते आणि कडेने चीक पाझरतो. पाने मऊ असतात आणि दांड्याला बुडाशी मिठी मारून बसलेली असतात. या मिठीत पानाच्या बुडाचे दोन कान दांड्याच्या पलीकडे आलेले दिसतात. ते टोकदार असतील तर तो साधा म्हातारा समजावा. ते गोल वळलेले असतील, पाने चकचकीत असतील आणि कडा काटेरी असतील तर ती त्याची काटेरी बहीण, सॉन्कस अ‍ॅस्पर. अंगठ्याने पानाचे बूड थोडे मागे ओढले की हे कान नीट पाहता येतात आणि ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. अनेक गावांत या दोन्हींना पाथरीच म्हणतात. त्यामुळे बाजारात किंवा शेजारी कोणी एखाद्या नावाने जुडी दिली तरी स्वतः पान पाहून खात्री करावी.

खरे रानटी लेट्यूस, म्हणजे लॅक्टुका या वंशातील वनस्पती, नाशिकच्या शेतात तुलनेने कमी भेटतात. दख्खनच्या पठारावर लॅक्टुका रन्सिनाटा ही देशी जात आढळते. खाल्ल्या जाणाऱ्या लेट्यूसची रानटी पूर्वज लॅक्टुका सेरिओला ही मात्र युरोप, पश्चिम आशिया आणि आपल्याकडे पश्चिम हिमालयाच्या भागातील आहे. तिची एक खूण अशी आहे की एकदा पाहिली की विसरत नाही. पानाच्या पाठीमागे मधल्या शिरेवर काट्यांची एकच ओळ असते, आणि भर उन्हात वाढलेल्या झाडाची पाने देठापाशी पीळ घेऊन उभी राहतात, त्यांच्या कडा उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात. दुपारच्या प्रखर उन्हात पानाचा सपाट भाग तापू नये यासाठी ही व्यवस्था आहे. लॅक्टुका वंशाचा आणखी एक फरक बियांवर दिसतो. बहुतेक जातींत बी आणि तिच्या टोकावरील पांढरे केस यांच्यामध्ये एक बारीक दोरीसारखी चोच असते. पाथरी आणि म्हाताऱ्यात केस थेट बियांवर बसलेले असतात. पिकलेले एक बोंड हातावर चोळून पाहिल्यास हा फरक सहज कळतो.

पिवळा धोतरा आणि गाजर गवत : गल्लत टाळण्यासाठी

या लेखातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. हिवाळ्यात पडीक रानात, नदीकाठी आणि रस्त्याच्या कडेला पिवळा धोतरा उगवतो. त्याचे कोवळे रोप जमिनीलगत चक्राकार असते, पाने खोल कातरलेली आणि काटेरी असतात आणि पुढे पिवळी फुले येतात. वरवर पाहणाऱ्याला ते काटेरी म्हाताऱ्यासारखे वाटू शकते. पण त्याची पाने निळसर-पांढुरक्या झाकेची असतात, शिरांवर ठळक पांढरे पट्टे असतात, फूल मोठे, सुट्या पाकळ्यांचे असते आणि पान मोडले की येणारा चीक पिवळा असतो. ही वनस्पती विषारी आहे. तिच्या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोफाची, म्हणजे अंगात पाणी साचून सूज येण्याच्या आजाराची, मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. म्हणून काटेरी कडांचे कोणतेही रोप भाजीसाठी खुडण्यापूर्वी प्रत्येक रोपाचे एक पान मोडून चिकाचा रंग पाहावा. टोपलीतील पहिले पान पाहून बाकीचे गृहीत धरू नयेत.

गाजर गवताचे कोवळे रोपही जमिनीवर चक्राकार असते. मात्र त्याची पाने गाजराच्या पानांप्रमाणे बारीक विभागलेली आणि केसाळ असतात आणि त्यात चीक नसतो. ते उपटताना हातमोजे घालावेत, कारण अनेकांच्या त्वचेला त्याने खाज आणि पुरळ येते.

इंटरनेटवरील ‘रानटी लेट्यूस’बद्दल

इंग्रजी संकेतस्थळांवर रानटी लेट्यूसचा चीक वेदनाशामक आणि झोप आणणारा म्हणून गाजवला जातो, आणि त्याची पावडर व अर्क ऑनलाइन विकतही मिळतात. या दाव्यामागे इतिहास आहे. युरोपातील लॅक्टुका व्हिरोसा या जातीचा वाळवलेला चीक ‘लॅक्टुकेरियम’ नावाने एकोणिसाव्या शतकात औषधी दुकानांत असे. त्यातील लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन ही कडू द्रव्ये साध्या लेट्यूसमध्येही अल्प प्रमाणात असतात. पण अशा जुन्या वापरावरून आजची मात्रा ठरवता येत नाही, आणि ही वनस्पती मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने माणसे आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय नाशिकच्या बांधावरील दुधाळ रोप हे लॅक्टुका व्हिरोसा नाही. त्यामुळे म्हाताऱ्याचा किंवा पाथरीचा चीक काढून दुखण्यावर घेण्याचा प्रयोग करू नये. त्यांची जागा भाकरीसोबतच्या भाजीत आहे, औषधाच्या बाटलीत नाही.

तण म्हणून त्यांचा त्रास

पाण्यासाठी आणि खतासाठी होणारी स्पर्धा सर्वच तणे करतात. या तणांची खरी अडचण बियांच्या प्रवासात आणि किडींच्या आसऱ्यात आहे. म्हाताऱ्याचे एक चांगले वाढलेले झाड हजारो बिया तयार करते आणि प्रत्येक बीला पांढऱ्या केसांची छत्री असते. वाऱ्यावर ती शेजारच्या शेतात सहज पोहोचते. म्हणजे आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले तरी बांधावर फुललेली चार झाडे पुढच्या हंगामाची पेरणी करून जातात. या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून त्या मातीच्या अगदी वरच्या थरातून उगवतात आणि खोल गाडल्या गेल्या तर बहुतेक उगवत नाहीत. जमिनीत त्या फार वर्षे टिकतही नाहीत. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या बाजूच्या आहेत आणि पुढील उपाय त्यावरच बेतलेले आहेत.

किडींचा भाग अधिक नाजूक आहे. म्हाताऱ्यावर मावा, फुलकिडे, पांढरी माशी आणि नागअळी मुक्काम करतात. नागअळीने पोखरलेली पांढरी नागमोडी रेष त्याच्या मऊ पानावर अनेकदा दिसते. टोमॅटोच्या पानांवरील रेषा आपण रोज पाहतो, पण शेजारच्या म्हाताऱ्याकडे लक्ष जात नाही. लासलगाव, निफाड, येवला, चांदवड या कांद्याच्या पट्ट्यात फुलकिडे ही कायमची डोकेदुखी आहे, आणि कांद्यावर येणारा आयरिस यलो स्पॉट हा विषाणूजन्य रोग फुलकिड्यांमार्फतच पसरतो. रोपवाटिकेच्या कडेला तणे वाढू दिली तर या किडीला पीक नसतानाच्या काळात घर मिळते.

येथे वेळेचा एक बारकावा ध्यानात ठेवावा. किडींनी भरलेली तणे पीक उभे असताना उपटली तर त्यांच्यावरील फुलकिडे आणि मावा जवळच्या पिकावर सरकतात. म्हणून बांध आणि कडा लागवडीपूर्वी किमान दोन-तीन आठवडे आधी स्वच्छ कराव्यात. पीक उभे राहिल्यावर काढायचीच वेळ आली तर किडी कमी असताना, रोपे लहान असताना काढावीत.

काढण्याची पद्धत

म्हातारा काढणे सोपे आहे. त्याचे मूळ सोटाचे असले तरी कोवळ्या रोपात ते हाताने येते. रानाला पाणी दिल्यानंतर वाफसा आला, की चक्राच्या बुडाशी बोटे घालून सरळ वर ओढावे. जमीन कोरडी असताना ओढल्यास मान तुटते आणि मूळ राहते. रांगेतील पिकात कोळपे चालवताना पाते वरवर ठेवावे. खोल कोळपणीने खालच्या थरातील बिया वर येतात आणि उजेड मिळताच उगवतात, म्हणून या तणाच्या बाबतीत उथळ आणि वारंवार कोळपणी हीच अधिक उपयोगाची आहे.

पाथरीचे तसे नाही. काळ्या भारी जमिनीत तिचे मूळ खोल जाते. विळ्याने वरवर कापली तर ती काही दिवसांत नवीन पानांसह परत येते. शेतात ती नको असेल तर खुरपे चक्राच्या बाजूने तिरके घालावे, टोक मुळाच्या खाली जाईल एवढे दाबावे आणि पानांच्या बुडापासून मुळाचा वरचा जाड भाग अखंड बाहेर काढावा. मूळ तुटले तर तुटलेल्या ठिकाणी पांढरा चीक दिसतो. तो दिसला की उरलेला भाग पुन्हा खुरप्याने उकरून काढावा. हे काम कष्टाचे आहे, पण एका रोपाला एकदाच करावे लागते. नुसती पाने छाटत राहिले तर तेच काम दर महिन्याला करावे लागते.

लागवडीपूर्वी एक पाणी देऊन तणे उगवू द्यावीत आणि मग उथळ वखरणी करून ती मोडावीत. रब्बी कांदा आणि भाजीपाल्यासाठी ही पद्धत या तणांवर विशेष परिणामकारक ठरते, कारण त्यांच्या बिया वरच्याच थरात असतात आणि बहुतांश एकाच फेरीत उगवून येतात. द्राक्षाच्या बोदांवर उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड अंथरल्यास उजेड अडतो आणि नवीन म्हातारा फारसा येत नाही. आधीच मुरलेली पाथरी मात्र आच्छादन फोडून वर येते, त्यामुळे आच्छादनाआधी ती खणून काढावी. ठिबकच्या ड्रिपरखाली ओल कायम असते आणि तिथे ही तणे सर्वांत आधी दिसतात. निंदणीला सुरुवात तिथूनच करावी.

उपटलेल्या रोपांचे काय करायचे हा प्रश्न अनेक जण सोडून देतात. कळी किंवा फूल आलेले रोप उपटून बांधावर टाकले तर त्यातील उरलेल्या रसावर बिया पिकतात. फूल उमलल्यापासून साधारण आठवडाभरात म्हाताऱ्याची बी तयार होते, म्हणून पिवळे फूल दिसले तरी उशीर झाला असे धरून चालावे. अशी रोपे कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत. ती पोत्यात भरून, तोंड बांधून, उन्हात पूर्ण कुजू द्यावीत किंवा खोल खड्ड्यात गाडावीत. फुलापूर्वीची कोवळी रोपे मात्र खतात निर्धास्त टाकावीत, किंवा शेळ्यांना घालावीत. शेळ्या ती आवडीने खातात.

तणनाशकाचा विषय आणि द्राक्षबाग

परसात आणि लहान क्षेत्रात या तणांसाठी तणनाशकाची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या क्षेत्रात वापरायचेच असेल तर त्या पिकासाठी शिफारस असलेले औषध, लेबलवरील मात्रा आणि कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विभागाचा सल्ला एवढ्यावरच चालावे. ग्लायफोसेट या तणनाशकाबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, हेही ध्यानात ठेवावे.

नाशिकसाठी वेगळा इशारा टू-फोर-डी या तणनाशकाचा आहे. गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी ते फवारले जाते आणि म्हातारा त्याने मरतो. पण द्राक्षवेल या औषधाला अत्यंत संवेदनशील आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत परिसरात गव्हाचे शेत आणि द्राक्षबाग यांच्यात एका बांधाचेच अंतर असते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट नेमकी याच सुमारास वाढीत असते. वाऱ्याने गेलेले तुषार किंवा औषधाची वाफ पोहोचली तर वेलीची नवीन पाने पंख्यासारखी अरुंद होतात, शिरा जवळजवळ येतात, कडा दातेरी होतात आणि घडाचेही नुकसान होते. ही लक्षणे पाहून शेतकरी अनेकदा विषाणूजन्य रोग समजतो आणि भलतेच औषध मारतो. म्हणून द्राक्षबागेच्या आसपास हे तणनाशक टाळावे. शेजाऱ्याला बागेची कल्पना आधीच द्यावी. ज्या पंपातून ते एकदा फवारले तो पंप बागेच्या फवारणीसाठी वापरू नये, कारण साध्या धुण्याने नळ्यांमधील अंश निघत नाही. चार मजुरांची निंदणी महाग वाटली तरी बिघडलेल्या बागेपेक्षा ती स्वस्तच पडते.

भाजीसाठी कुठून आणि कशी घ्यावी

ज्या शेतात ही भाजी वाढली आहे त्या शेतावर काय फवारले गेले आहे हे माहीत नसेल तर तिथली पाने खाऊ नयेत. द्राक्षबागेत डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी हंगामात अनेक फवारण्या होतात आणि बोदावरील पाथरीवर त्याचे तुषार पडतातच. म्हणून उत्पादनात असलेल्या बागेतील पाने, ती कितीही कोवळी दिसली तरी, ताटात घेऊ नयेत. महामार्गाच्या कडेची, नाल्याच्या किंवा सांडपाणी मिसळलेल्या नदीपात्राच्या काठची पानेही टाळावीत. घरच्या परसातील, फवारणी नसलेल्या बांधावरील किंवा पश्चिमेकडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातील खात्रीच्या शेतातील पाने घ्यावीत. पावसाळ्यात कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जाणत्या बायांकडून जुडी प्रत्यक्ष हातात घेऊन ओळख करून घेता येते, आणि ती ओळख छायाचित्रावरून होणाऱ्या ओळखीपेक्षा कितीतरी पक्की असते.

पाने दांडा येण्यापूर्वीची, चक्रातील आतली कोवळी निवडावीत. सकाळी खुडलेली पाने टवटवीत राहतात. खुडताना चीक येतो, म्हणून टोपलीत ओले फडके अंथरावे, नाहीतर पानांच्या बुडाशी तपकिरी डाग पडतात. घरी आणल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, कारण जमिनीलगत वाढल्याने बुडाशी माती आणि बारीक किडे असतात. नागअळीच्या रेषा असलेली पाने वेगळी काढावीत.

कोवळी पाथरी काही घरांत भाकरी, ठेचा आणि कांद्यासोबत कच्चीच खातात. पहिल्यांदा खाणाऱ्याने शिजवूनच सुरुवात करावी. पाने चिरून उकळत्या मीठपाण्यात दोन-तीन मिनिटे घालून पाणी टाकून द्यावे. कडवटपणा बराचसा त्या पाण्यातच जातो. पाने पिळून घ्यावीत, पण अगदी कोरडी करू नयेत. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, भरपूर ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतावी, बारीक चिरलेला कांदा गुलाबी होऊ द्यावा, मग भिजवलेली मूगडाळ घालून झाकणावर वाफ आणावी. डाळ बोटाने दाबली की मोडते, पण अख्खी राहते अशी झाली की पाने घालावीत आणि झाकण न ठेवता परतावीत. झाकण ठेवले तर रंग काळपट होतो. शेवटी दाण्याचे कूट घालावे. डाळीऐवजी बेसन पेरायचे असेल तर ते पाने परतल्यावर वरून भुरभुरावे आणि पाण्याचा हबका मारून वाफ द्यावी. काटेरी म्हातारा भाजीला घेऊ नये. उकडल्यावर त्याचे काटे मऊ होतात खरे, पण धोतऱ्याशी होणारी गल्लत लक्षात घेता तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

ज्यांना सूर्यफूल कुळातील वनस्पतींची, म्हणजे झेंडू, शेवंती किंवा गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही भाजी टाळावी, निवडताना हातमोजे घालावेत. पहिल्या वेळी लहान वाटीभरच खावी. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रानभाज्या नव्याने सुरू करू नयेत.

बांधावर राखून ठेवायची असल्यास

घरच्या वापरासाठी पाथरीची काही झाडे राखणे सोपे आहे, कारण ती बहुवर्षायू आहे. पिकापासून दूर असलेला, पाणी साचत नाही असा बांधाचा तुकडा किंवा परसातील एक कुंडी त्यासाठी पुरते. तिथे पाथरी मुळासकट काढू नये. धारदार विळ्याने जमिनीपासून बोटभर वर कापावी. पावसाळ्यात आणि थंडीत ती लवकर फुटते, उन्हाळ्यात मंदावते. फुलाचा दांडा दिसताच तो बुडाशी मोडावा. त्यामुळे बिया शेजाऱ्याच्या वाफ्यात जात नाहीत आणि नवीन पाने कोवळी येत राहतात. म्हातारा अशा रीतीने राखता येत नाही, तो एकदा फुलला की संपतो. त्याचे एखादे झाड हवेच असेल तर ते कुंडीत ठेवावे, कळ्या उमलण्याआधी पानांसह पूर्ण काढून घ्यावे आणि कुंडीतील वरचा बोटभर मातीचा थर उलटून खाली घालावा.